शिडाचं जहाज आणि शिक्षण

आज एक साधा प्रश्न घेऊ. वाफेची आणि पुढे डिझेलची जहाजं आली, तेव्हा मोठ्या शिडाच्या जहाजांचा व्यापार संपला. मग अनेक देश आजही तरुण मुलामुलींना अशा जहाजांवर शिकायला का पाठवतात?

याचं एक उत्तर 1941 साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही या गावी मिळतं. महायुद्ध चालू होतं, जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवत होत्या. ‘ब्लू फनेल’ या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांचं मत असं झालं, की जीवरक्षक बोटीत जुने खलाशी तग धरतात आणि धडधाकट तरुण मात्र आधी खचतात. जुन्यांपैकी अनेकजण शिडाच्या जहाजांवर तयार झाले होते. होल्ट यांनी कुर्ट हान यांना हाताशी धरलं. हान हे मूळचे जर्मन शिक्षक. हिटलरला उघड विरोध केला म्हणून 1933 साली त्यांना तुरुंगात टाकलं होतं. सुटल्यावर ते ब्रिटनमध्ये आले. या दोघांनी काढलेली शाळा म्हणजे ‘आउटवर्ड बाउंड’. तिथे सगळ्यांना खलाशी बनवायचं नव्हतं. समुद्र हे माणूस घडवण्याचं साधन होतं.

आता याचा तात्त्विक अर्थ बघा. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो, की धैर्याची कृत्यं करत करतच माणूस धैर्यवान होतो. वर्गात मी धैर्यावर तासभर बोलू शकतो, पण त्यानं कुणी धीट होत नाही. जहाजावर रात्रीची पाळी असते. दोर तुमच्या हातात असतो आणि डोलकाठीवर चढलेला सोबती तुमच्या भरवशावर असतो. वारा सबबी ऐकून घेत नाही.

पण धोका जर शिक्षक असेल, तर त्याची जबाबदारी कुणाची? ‘पामीर’ची गोष्ट इथे टाळता येणार नाही. 1905 साली बांधलेलं हे चार डोलकाठ्यांचं जर्मन जहाज ब्यूनोस आयर्सहून बार्ली घेऊन हॅम्बुर्गला निघालं होतं. 21 सप्टेंबर 1957 रोजी अटलांटिकमध्ये ते वादळात सापडून बुडालं. जहाजावरच्या 86 जणांपैकी फक्त 6 वाचले. गेलेल्यांत बहुसंख्य शिकाऊ मुलं होती. बार्ली बहुतांशी पोत्यांत न भरता सुटीच भरलेली होती. जहाज कललं तेव्हा ती एका बाजूला सरकली, हा मुद्दा चौकशीत महत्त्वाचा ठरला. मुलांच्या अंगी कितीही हिंमत असली, तरी माल कसा भरायचा हे काही त्यांच्या हाती नव्हतं.

जर्मनीनं शिडावरचं शिक्षण सोडलं नाही. पुढच्याच वर्षी नौदलाचं ‘गोर्क फोक’ पाण्यात उतरलं, पण ते माल वाहणारं नव्हतं आणि त्याच्या बांधणीत सुरक्षेकडे अधिक लक्ष दिलेलं होतं. आपल्या नौदलाची ‘तरंगिणी’ही अशीच निव्वळ प्रशिक्षणासाठीची. ती गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली, 1997 साली नौदलात आली आणि 2003-04 मध्ये तिनं जगप्रदक्षिणा केली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना वाऱ्यासमोर जरूर उभं करा, त्याशिवाय काही गुण अंगी येत नाहीत. मात्र मोठ्यांच्या हलगर्जीपणाला साहसाचं नाव देऊ नका. वाऱ्याशी झुंजणं हा मुलांचा अभ्यास. जहाज नीट भरणं, तपासणं आणि वेळ पडली तर ते बंदरातच थांबवणं, हा आपला.