प्रॉम्प्टिंग (नाट्यतालमीतील)

तालमीत नट वाक्य विसरला, अडखळला किंवा भलत्याच वाक्यावर गेला, तर संहिता घेऊन बसलेल्या व्यक्तीने त्याला पुढचे शब्द पुरवणे. हे काम करणारा तो प्रॉम्प्टर. हौशी संस्थांत ते बहुधा नव्याने आलेल्या मुलाच्या गळ्यात पडते. काम सोपे आहे, हा त्यामागचा समज खरा नाही.

प्रॉम्प्टिंगला आधी लिहून ठेवलेली आणि जशीच्या तशी म्हणायची वाक्ये लागतात. विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’पासून (सांगली, १८४३) सुरू झालेल्या आख्यानवजा नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपली भाषणे बरीचशी आयत्या वेळी रचून करीत. कोकणातल्या दशावतारात आजही असेच चालते. तिथे प्रॉम्प्टरला काम नाही. वि. ज. कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’नंतर (१८६१) ‘बुकिश’, म्हणजे आधी लिहिलेल्या संहितेची, नाटके रुळत गेली. पाठांतर आले, आणि पाठांतर दगा देण्याची धास्तीही.

बैठ्या तालमीत संहिता सगळ्यांच्याच हाती असते. उभ्या तालमी सुरू होऊन ती हातातून सुटली की प्रॉम्प्टरची कसोटी लागते. पहिले काही दिवस तो सढळपणे वाक्ये देतो. पुढे नटाने मागितली तरच. रंगीत तालमीपर्यंत प्रॉम्प्ट बंद करावा, असा शिस्तीच्या दिग्दर्शकांचा आग्रह असतो. चुकलेले शब्द मग टिपून ठेवून तालीम संपल्यावर सांगितले जातात.

प्रॉम्प्ट द्यायचा तो सुरुवातीच्या दोन-तीन शब्दांचा, पण नेमक्या. एकाच प्रवेशात चार वाक्ये ‘पण मी म्हणतो’ने सुरू होत असतील, तर तेवढेच पुरवल्याने नट आणखीच गोंधळतो; तिथे वाक्यातला वेगळा शब्द द्यावा लागतो. आवाज स्पष्ट आणि सपाट हवा. प्रॉम्प्टरने भावनेचा रंग भरला की नट तोच सूर उचलतो आणि दिग्दर्शकाने बसवलेली जागा बिघडते. अभिनयाची हौस असलेले प्रॉम्प्टर इथेच घात करतात.

सर्वांत अवघड म्हणजे पॉज ओळखणे. नट मुद्दाम थांबला आहे की ब्लँक झाला आहे, हे कागदात डोके खुपसून कळत नाही. चांगला प्रॉम्प्टर ठरलेल्या पॉजच्या जागी संहितेत पेन्सिलीने रेघ मारतो आणि एरवी नटाच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवतो. रंगात आलेल्या शांततेत घाईने फेकलेला प्रॉम्प्ट विसरलेल्या वाक्यापेक्षा अधिक नुकसान करतो.

युरोपातील अनेक ऑपेरागृहांत प्रॉम्प्टरसाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला झाकलेली खोबण असते. मराठी प्रयोगात तो विंगेत उभा राहतो. रंगमंचावरील संवेदनशील माइकमुळे तिथली कुजबुजही आता प्रेक्षागृहात पोहोचू शकते, म्हणून प्रयोगातला प्रॉम्प्ट हा शेवटचा उपाय मानला जातो. रोजच्या तालमींमुळे सगळ्यांची वाक्ये प्रॉम्प्टरला पाठ होतात. ऐनवेळी नट आजारी पडला, तर बदली म्हणून अनेकदा त्यालाच उभे केले जाते.