भाकर कशाला म्हणावे? बेने इस्राएल, तांदूळ आणि ग्लूटेनविरहित खल्ला

१८७४ साली पुण्यात 'हगादा' हा ग्रंथ हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर यांसह छापला गेला. वल्हांडणाच्या म्हणजे पेसाखच्या रात्री ज्यू कुटुंबात जेवणाच्या वेळी तो वाचला जातो. या आवृत्तीतील चित्रांत मराठी पद्धतीने लुगडे नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून 'मात्झा' म्हणजे बेखमीर भाकर तयार करताना दिसतात. कथा मिसरमधून सुटकेची असली, तरी स्वयंपाकघर मराठी आहे.

या बेखमीर भाकरीचे पीठ गव्हाचे असते. ज्याला गहू सोसत नाही त्याने काय करावे, असा प्रश्न १८७४ साली कोणी अशा शब्दांत विचारला नसता, कारण तो विकार नीट ओळखलाच गेला नव्हता. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० साली आपल्या प्रबंधात सिलिअॅक या आतड्याच्या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध मांडला. पुढे गव्हातील ग्लूटेन हे त्याचे कारण ठरले. आज अशा घरांत शब्बाथसाठी ग्लूटेनविरहित 'खल्ला' भाजली जाते आणि हा अगदी नव्या काळाचा प्रश्न आहे असे आपण समजतो. परंतु बेने इस्राएल समाजाचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न कोकणात शतकानुशतके उलट्या बाजूने उभा होता असे दिसते.

आधी शास्त्र पाहू. 'खल्ला' हे मुळात पावाचे नाव नव्हे. 'गणना' या ग्रंथाच्या १५व्या अध्यायात मळलेल्या कणकेचा एक भाग देवासाठी वेगळा काढण्याची आज्ञा आहे, त्या भागाचे हे नाव. तो भाग याजकाला दिला जाई. मंदिर पडल्यानंतर आता एक लहानसा गोळा काढून जाळतात. शब्बाथच्या पावालाच खल्ला म्हणण्याची रीत मध्य युरोपातील ज्यूंची असून पंधराव्या शतकापासून तिचे उल्लेख मिळतात. वेणीसारखा गुंफलेला पाव हीदेखील त्यांचीच देणगी. शुक्रवारी रात्री दोन पाव मांडतात, कारण रानात इस्राएल लोकांना शुक्रवारी दुप्पट मान्ना मिळत असे.

पाव कशाचा असावा याविषयी इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना अगदी स्पष्ट आहे. तिच्या 'खल्ला' याच नावाच्या प्रकरणाच्या आरंभी पाच धान्ये सांगितली आहेत. परंपरेने त्यांचा अर्थ गहू, जव, स्पेल्ट नावाचा गहू, राय आणि ओट असा केला जातो. या पाचांच्याच कणकेतून खल्ला काढायची, यांचीच मात्झा करायची आणि यांच्याच भाकरीवर भूमीतून भाकर उपजवणाऱ्या देवाचा 'हामोत्सी' हा आशीर्वाद म्हणायचा. तांदूळ आणि बाजरीसारखी बारीक धान्ये यांतून वगळलेली आहेत. तालमूद त्याचे कारण देतो: पाण्यात भिजल्यावर ही पाच धान्ये फुगतात, आंबतात, तांदूळ मात्र नासतो. रब्बी योखानान बेन नूरी यांनी तांदूळही धान्यच आहे असा आग्रह धरला, पण ते एकटे पडले. आजच्या परिभाषेत बोलायचे तर त्या विद्वानांनी हाताच्या आणि नाकाच्या अनुभवाने ग्लूटेनच्या आसपासची रेघ ओढली होती. ग्लूटेनच्या जाळ्यात वायू धरला जातो, म्हणून कणीक फुगते. तांदळाच्या पिठात हे जाळे नसते.

आता कोकणात येऊ. परंपरा सांगते की बेने इस्राएलांचे पूर्वज अलिबागजवळ नौगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले आणि त्यांतून सात जोडपी वाचली. तेलाच्या घाण्याचा धंदा करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारी 'शनिवार तेली' म्हणत. त्यांचे अन्न शेजाऱ्यांसारखेच: भात, मासळी, नारळ आणि तांदळाची भाकरी. शब्बाथ पाळला जाई, पण ताटात असलेली भाकरी शास्त्राच्या लेखी भाकर नव्हती.

वल्हांडणाची आठवण त्यांनी कशी जपली ते येथे बोलके आहे. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. सणांच्या जुन्या मराठी नावांत 'अनाशी ढाकाचा सण' असे एक नाव आढळते. 'अनाशी' म्हणजे आंबट कालवणाचे भांडे; ते झाकून ठेवण्याचा तो सण. खमीर घरातून दूर करण्याची आज्ञा खमिराच्या पावाशिवाय जगणाऱ्या समाजात आंबट भांड्यावरील झाकणाच्या रूपाने टिकली असावी. शब्द विसरले, ग्रंथ हरवले, तरी आंबण्याविषयीची सावधगिरी उरली.

पुढे मिशनऱ्यांमार्फत मराठी बायबल आणि हिब्रूचे व्याकरण या समाजाच्या हाती आले. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ सालचे. मराठी बायबलने हिब्रू 'लेखेम'साठी 'भाकर' हा शब्द योजला. मराठी माणसाच्या रोजच्या अन्नाला दुसरा शब्द तरी कोणता? पण त्यातून एक विलक्षण पेच तयार झाला. शास्त्राच्या हिशेबाने ज्वारीची, बाजरीची, तांदळाची भाकरी ही 'भाकर' नव्हे. गव्हाची चपाती मात्र 'भाकर'. ज्या शब्दाने देवाचे आभार मानायचे, तो शब्द ज्या पदार्थाचा, त्याच पदार्थावर ते आभार म्हणता येत नाहीत!

एकोणिसाव्या शतकात लष्करातील आणि सरकारी नोकऱ्यांमुळे बेने इस्राएल पुण्यात स्थिरावले. १८६७ साली लष्कर भागात बगदादी ज्यूंचे 'ओहेल डेव्हिड', म्हणजे पुणेकरांचे लाल देऊळ, उभे राहिले. बेने इस्राएलांचे 'सुक्कथ शेलोमो' रास्ता पेठेत १९२१ साली झाले. देशावर गहू होता, त्यामुळे चपातीने शास्त्राची अट पुरी होई. फुगलेला पाव मात्र घरचा नव्हता. त्याला भट्टी लागते आणि मराठी घरात चूल व तवा असे. शिवाय त्या पुण्यात बेकरीच्या मालाला धर्माचा वास येई. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाबिस्किटांवरून रानडे आणि टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झाले, हे आपण जाणतोच.

म्हणून आज पुण्यातील ज्यू घरात ग्लूटेनविरहित खल्ला करायची, तर दोन वेगळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली शास्त्राची. पाच धान्यांपैकी चारांत ग्लूटेन असतेच, उरतो ओट. गव्हाचा संसर्ग न झालेला ओट सिलिअॅकच्या बहुतेक रुग्णांना चालतो, म्हणून त्याची मात्झा आणि खल्ला करतात. गंमत अशी की मिश्नेतील पाचव्या धान्याचा, 'शिबोलेत शुआल' म्हणजे 'कोल्ह्याचे कणीस' याचा, अर्थ ओट असा अकराव्या शतकात फ्रान्समधील राशी यांनी लावला. ते जवाचेच एक वाण असावे असे काही आधुनिक अभ्यासक म्हणतात. एका भाष्यकाराच्या अर्थनिर्णयावर आज कित्येकांचा हामोत्सी उभा आहे.

दुसरी गोष्ट रूपाची. ग्लूटेनविना पिठाच्या वळ्या ताणल्या जात नाहीत, तुटतात. म्हणून वेणीच्या आकाराचे साचे वापरतात आणि पीठ धरून ठेवण्यासाठी इसबगोल घालतात. हे इसबगोल आपल्या गुजरात-राजस्थानातले. कोकणातल्या गृहिणीने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. ती तांदळाच्या पिठाची उकड काढते. उकळत्या पाण्याने पिठातील स्टार्च चिकट होतो आणि भाकरी न मोडता थापली जाते.

पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो बेने इस्राएलांचा 'मलिदा'. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा आणि सभोवती फळे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने नवस फेडताना, लग्नकार्यात, शुभप्रसंगी तो मांडतात आणि त्यातील जिन्नसांवर आशीर्वाद म्हणतात. तांदळाला भाकरीचा मान मिळेना, तेव्हा या समाजाने शास्त्राशी भांडण केले नाही आणि तांदूळ टाकूनही दिला नाही. त्याने तांदळासाठी पवित्र ताटात निराळी जागा केली. अशी जागा करणे परंपरेला परकेही नव्हते. वल्हांडणाच्या ताटातील दोन शिजवलेल्या पदार्थांबद्दल तालमूदात रव हूना यांचे मत दिले आहे: बीट आणि तांदूळ.

साच्यातील खल्ला गव्हाचे रूप गव्हाविना जपते. मलिदा तांदळाला तांदूळ म्हणूनच पवित्र करतो. सिलिअॅक असलेल्या मुलाला पहिल्या ताटात त्याचा 'वेगळा' पाव मिळतो, दुसऱ्या ताटात तो सर्वांबरोबर एकाच पातेल्यातले खातो. ओटच्या पावाने आज्ञा पाळली जाते आणि ती पाळायलाच हवी, हे श्रद्धावान घरात उघडच आहे. परंतु आज्ञा पाळणे आणि पंगतीत सामावून घेणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीसेक हजारांच्या घरात असलेला हा समाज पुढे बहुतांशी इस्राएलला गेला आणि येथे थोडीच घरे उरली. जगभरच्या गहू वर्ज्य असलेल्या ज्यू घरांना देण्यासारखे या थोड्या घरांकडे काही असेल, तर ते म्हणजे पोह्यांचे हे ताट.