लांजीकडचा दुष्काळ आणि केडगावचा छापखाना

लांजीचा किल्ला बघायला लोक येतात, लांजकाईला हात जोडतात. १८९६-९७ च्या दुष्काळाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. बालाघाट जिल्ह्यावर तो फार वाईट कोसळला होता. माझ्यातल्या इंजिनिअरला आधी वाहतूकच दिसते: गोंदिया-बालाघाट नॅरोगेज अजून व्हायची होती, धान्य यायचं ते बैलगाडीनं.

त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व विधवा सोबत घेऊन गेल्या. केडगावचं ‘मुक्ती’ उभं राहिलं ते यांच्यासाठी. रमाबाईंचे आईवडील १८७४ साली दुष्काळातच गेलेले. टाकून दिलेली पोरसुद्धा देवाची लाडकी, ही त्यांची ख्रिस्ती श्रद्धा. धर्मांतराचा आक्षेप पुण्यात १८९३ पासून होताच, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. भुकेल्या पोरीला निवड ती कितीशी? पण केडगावात नुसती भाकरी नव्हती. मुली विणकाम शिकल्या, लिहा-वाचायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला लागल्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथंच बायकांच्या हातून छापलं गेलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला वारल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.