बांध कुणाचा?

आपल्या कोकणी मुसलमानांचा इतिहास सांगायला बसलो की आम्ही नाखव्यांची गलबते आणि जंजिऱ्याचे बुरूज आठवतो. खाडीच्या बांधाचे नाव त्यात क्वचितच येते. वास्तविक, त्या बांधाआडच्या भातावर आगरी, कुणब्यांप्रमाणे खाडीकाठचे आमचे मोहल्लेही जगले.

खारभूमी मुळात समुद्राची. मातीचा बांध घालून भरती अडवायची, काही पावसाळ्यांत मीठ धुऊन जाऊ द्यायचे, मग राता भात लावायचा. बांधातली उघाडी ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडते आणि भरतीच्या दाबाने मिटते. कुलाबा जिल्ह्यात पदरमोड करून असे बांध घालणाऱ्यांना शिलोत्रीदार म्हणत. डागडुजीसाठी ते कसणाऱ्यांकडून बिघ्यामागे धान्य घेत. अलिबागच्या खारेपाटात शेतकऱ्यांची ‘जोळ’ असे. उधाणाने बांधाला खांड पडली की सारे मिळून चिखलात उतरत, कारण एकदा खारे पाणी आत शिरले की जमीन वर्षानुवर्षे नापीक होते.

१९४८ मध्ये खारभूमीचा कायदा आला, १९७९ मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम. बांधांची जबाबदारी शासनाकडे गेली आणि जोळ हळूहळू मोडली. आता खांड पडली की अर्ज, पंचनामा, मंजुरी यांची वाट पाहायची. भरती मात्र दिवसातून दोनदा येते.

दोष एकट्या शासनाचा नाही. त्याच दशकात आमचे तरुण आखाताकडे निघाले. घरे पक्की झाली, बांधावरचे हात कमी झाले.

इकडे समुद्र चढतो आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि हा वेग वाढतच आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडची दैना केली, ती आपण पाहिली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारे सोसणारे भाताचे वाण दिले आहेत. बांधापुढची कांदळवने लाटांचा जोर मोडतात. पण उंच बांध आणि चांगले बियाणे, दोन्हींना राखणारी माणसे लागतात.

आमच्या जमाती मशिदीचा, कब्रस्तानाचा हिशोब चोख ठेवतात. बांध तर साऱ्या गावाचा. खारे पाणी कुणाचे शेत ते विचारत नाही. शासनाकडे हक्काने निधी मागावाच, पण पावसाळ्यापूर्वी बांध आणि उघाडी तपासण्यासाठी शेजाऱ्यांसह पुन्हा जोळ बांधणे आपल्याच हाती आहे. वाडवडिलांचा हा वारसा गलबतांइतकाच आपला आहे.