कॅल्शियम आयन आणि लोहप्रेरित ऑक्सिडीकरण

लोहाच्या उत्प्रेरणाने घडणाऱ्या ऑक्सिडीकरण विक्रियांवर कॅल्शियम आयनांचा होणारा परिणाम. जैवरसायनशास्त्र, अन्नतंत्रविद्या आणि वैद्यक या तिन्ही क्षेत्रांत तो महत्त्वाचा ठरतो. या विक्रियांत कॅल्शियम स्वतः इलेक्ट्रॉन देत नाही, घेतही नाही. पाण्यात त्याची +2 ही एकच अवस्था टिकते. लोह मात्र फेरस (+2) व फेरिक (+3) या अवस्थांत सहज ये-जा करते. त्यामुळे कॅल्शियमचा प्रभाव अप्रत्यक्ष असतो. लोह कोणाला बांधलेले आहे, ते कोठे आहे आणि पेरॉक्साइड त्याच्यापर्यंत पोचते का, या गोष्टी कॅल्शियममुळे बदलतात.

फेरस लवण व हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी टार्टारिक अम्लाचे ऑक्सिडीकरण होते, हे एच. जे. एच. फेंटन यांनी 1894 मध्ये सविस्तर मांडले. फ्रिट्स हाबर व जोसेफ वाइस यांनी 1934 मध्ये या विक्रियेचा अर्थ हायड्रॉक्सिल मूलकाच्या आधारे लावला. हा मूलक इतका विक्रियाशील असतो, की जेथे तयार होतो तेथेच शेजारच्या वसाम्लावर, प्रथिनावर वा डीएनएवर तुटून पडतो. म्हणूनच लोहाच्या जागेला एवढे महत्त्व आहे.

बांधणीच्या जागेसाठी कॅल्शियम व लोह यांच्यात होणारी स्पर्धा ईडीटीए या कीलेटकारकात (धातूचे आयन पकडून ठेवणाऱ्या संयुगात) स्पष्ट दिसते. त्याच्या संयुगांच्या स्थिरता स्थिरांकाचा लॉगरिदम कॅल्शियमसाठी सुमारे 10.7, फेरस आयनासाठी 14.3 आणि फेरिक आयनासाठी 25.1 आहे. मेयॉनेजमध्ये कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए घालतात ते याच बळावर : अंड्याच्या बलकातून आलेले लोह भेटले, की कॅल्शियम बाहेर पडते, लोह पकडले जाते आणि तेल खवट होण्याचा वेग मंदावतो. मात्र ईडीटीएने पकडलेल्या लोहाची एक बाजू पाण्याच्या रेणूसाठी मोकळी राहते व तेथे पेरॉक्साइड पोचू शकते. ईडीटीए लोहापेक्षा कमी पडले, तर ऑक्सिडीकरण उलट वाढूही शकते. लोहाच्या सहाही बाजू व्यापणाऱ्या डेस्फेरिऑक्सामिन या लोहनिष्कासक औषधाच्या बाबतीत ही अडचण येत नाही. त्याची कॅल्शियमशी जवळीक नगण्य असल्याने रक्तातील कॅल्शियमही त्याच्या आड येत नाही.

पेशीपटलांवरचे चित्र इतके सरळ नाही. फॉस्फॅटिडिलसेरिनसारख्या ऋणभारित फॉस्फोलिपिडांना कॅल्शियम बांधले जाते, त्यांना जवळ ओढते आणि तेथील लोहाला हटवतेही. त्यामुळे काही प्रयोगांत लिपिडांचे पेरॉक्सिडीकरण वाढलेले आढळले, तर काहींत घटलेले. कॅल्शियमला सरसकट ‘ऑक्सिडीकरणवर्धक’ किंवा ‘रोधक’ म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. संहती, उभयप्रतिरोधी विद्राव आणि कीलेटकारक सांगितल्याशिवाय अशा विधानाला अर्थ नसतो. फॉस्फेटयुक्त विद्रावात तर कॅल्शियमचा काही भाग अवक्षेपित होतो, आणि मोजले जाते ते भलतेच.

जिवंत पेशीत मुक्त कॅल्शियमची संहती सुमारे 100 नॅनोमोलर, तर पेशीबाहेर ती जवळजवळ दहा हजारपट असते. हा बांध फुटला, की तंतुकणिका जादा कॅल्शियम शोषून घेतात, त्यांच्या पटलाची पारगम्यता बिघडते आणि लोहजन्य हानीला वाट मिळते. पण हीच सांगड शरीर शिस्तीने वापरतेही. 5-लायपॉक्सिजनेज या एंझाइमच्या केंद्रस्थानी हीमविरहित लोह असते. कॅल्शियम बांधले गेल्यावर ते केंद्रकाच्या आवरणाला चिकटते आणि ॲराकिडोनिक अम्लाचे ऑक्सिडीकरण करून ल्युकोट्राइनांच्या निर्मितीला आरंभ करते. दम्यात श्वासनलिका आवळतात त्यात या संयुगांचा मोठा वाटा असतो. हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजमध्येही हीममधील लोहाच्या दोन्ही अंगांना एकेक कॅल्शियम आयन असतो. हे आयन काढून घेतल्यास एंझाइमची क्रियाशीलता व उष्णतेपुढील टिकाऊपणा घटतो.

वैद्यकातील सर्वांत गंभीर दुवा हृदयाशी आहे. बीटा-थॅलसेमियाच्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यामुळे शरीरात लोह साचते आणि ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनाला न बांधलेले लोह रक्तात फिरू लागते. त्यातील फेरस आयन एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्यांतून हृदयपेशींत शिरतात. तेथे फेंटन विक्रियेने स्नायूची हानी होते. या वाहिन्या रोखणारे ॲम्लोडिपिन हे रक्तदाबावरील परिचित औषध लोहनिष्कासक औषधांच्या जोडीला दिल्यास हृदयातील लोह घटते, असे ब्राझीलमधील 2016 च्या चाचणीत आढळले. मात्र ते लोहनिष्कासक औषधांची जागा घेत नाही.