ताशी ६०३ किलोमीटर वेग आणि चाकं अधांतरी: जपानची मॅग्लेव्ह ट्रेन तरंगते तरी कशी?

२१ एप्रिल २०१५. जपानच्या यामानाशी प्रांतातल्या चाचणी मार्गावर ‘एल-झिरो’ ट्रेननं ताशी ६०३ किलोमीटरचा वेग गाठला. तेव्हा ती मार्गापासून साधारण १० सेंटीमीटर वर तरंगत होती.

खाली एक चुंबक, वर एक चुंबक, दोघं एकमेकांना ढकलतात आणि ट्रेन उचलली जाते, असं अनेकांना वाटतं. पण गंमत म्हणजे ही ट्रेन उभी असताना तरंगतच नाही.

सुपरकंडक्टर म्हणजे काय?

तांब्याच्या तारेतून वीज गेली की तार तापते, कारण ती विजेला थोडा अडथळा करतेच. १९११ मध्ये डच शास्त्रज्ञ हाइके कामरलिंग ओनेस यांना दिसलं की, पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की हा अडथळा नाहीसा होतो. अशा पदार्थाला सुपरकंडक्टर किंवा अतिवाहक म्हणतात.

एल-झिरोमध्ये नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची कॉइल द्रवरूप हेलियमनं तितकीच थंड ठेवली जाते. एकदा सोडलेली वीज तिच्यात फिरत राहते आणि कॉइल प्रचंड ताकदीचा चुंबक बनते.

मग ट्रेन उचलतं कोण?

मार्गाच्या दोन्ही बाजूंना भिंती असतात आणि त्यांत इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या कॉइल बसवलेल्या असतात. सायकलचा डायनॅमो आठवा. चाक फिरलं की दिवा लागतो. तसंच ट्रेनचे चुंबक वेगात जवळून गेले की भिंतीतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते आणि त्याही चुंबक बनतात. कॉइलचा खालचा भाग ट्रेनला वर ढकलतो, वरचा भाग वर ओढतो.

वेग कमी असेल तर ही ताकद पुरत नाही. म्हणून ताशी सुमारे १५० किलोमीटरपर्यंत ट्रेन रबरी चाकांवर धावते आणि मग विमानासारखी उचलली जाते. तिला पुढे नेण्यासाठी भिंतीत वेगळ्या कॉइल असतात. त्यांना बाहेरून वीज दिली जाते.

शांघायची मॅग्लेव्हही अशीच आहे का?

नाही. तिच्यात साधे विद्युतचुंबक आहेत. ती उभी असतानाही तरंगते, पण जेमतेम एक सेंटीमीटर. जपान भूकंपांचा देश असल्यानं तिथे जास्त अंतर सोयीचं ठरतं.

मग ही ट्रेन अजून सुरू का झाली नाही?

टोकियो ते नागोया हे २८६ किलोमीटर अंतर ४० मिनिटांत कापण्याची योजना आहे. मार्गाचा बहुतांश भाग बोगद्यांतून जातो. शिझुओका प्रांतातल्या बोगद्यामुळे ओई नदीचं पाणी घटेल, अशी भीती तिथे व्यक्त झाली आणि त्या टप्प्याचं काम रखडलं. अखेर २०२४ मध्ये जेआर सेंट्रल कंपनीनं २०२७ ची मुदत पाळता येणार नाही, असं जाहीर केलं.

म्हणजे ट्रेन तरंगवण्याचं गणित सुटलं होतं. प्रकल्प अडला तो नदीच्या पाण्यावर.