आजा नावाडी होता, पण कागद कुठे? नोंद शोधायची तर अशी शोधा

सालेकसा (प्रतिनिधी) : माघ पौर्णिमेला कचारगडला गोंडी बांधव दूरदूरून येतात, पूर्वजांना आठवतात. आपल्याच भागातले ढिवर, केवट बांधवही आजकाल पूर्वज शोधत आहेत, पण कार्यालयात. बाघ आणि वैनगंगेच्या घाटावर डोंगा चालवणाऱ्या आजा-पणजाची नोंद हवी असते. पोराची बारावी झाली, की जात पडताळणीसाठी धावपळ सुरू होते.

तारीख कोणती?
महाराष्ट्राच्या यादीत ढिवर, धीमर, केवट, नावाडी या जाती 'भोई'खाली, भटक्या जमाती (ब) मध्ये येतात. त्यांच्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख महत्त्वाची. त्याआधीचा जातीचा आणि इथल्या रहिवासाचा पुरावा लागतो. बाघ नदीपल्याड, बालाघाटकडून आलेल्या कुटुंबांनी रहिवासाचा कागद आधी पाहावा.

सुरुवात घरातून
घरच्या म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा. नाव कोणत्या घाटावर होती? ठेका कोणाचा? मजुरी पैशात मिळे की धानात? आजाच्या बापाचं नाव काय, आजी कोणत्या गावची? ऐकलं ते वहीत लिहा आणि वंशावळ काढा. गाव चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

कागद कुठे पाहायचे?
1) शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर : आजा शाळेत गेला नसेल, तर त्याचा भाऊ, चुलत भाऊ पाहा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली नोंद चालते.
2) कोतवाल बुक : जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, बापाच्या नावासह आणि पुष्कळदा जातीसह. तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा.
3) बंदोबस्त मिसल आणि अधिकार अभिलेख : जमीन असेल तर नाव सापडतं. जमीन नसली तरी वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक पाहा. त्यात गावाच्या वहिवाटी, हक्क लिहिलेले असतात.
4) मच्छीमार सहकारी संस्थेचं जुनं सभासद रजिस्टर : जोडपुरावा म्हणून कामाचं.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला झाला. त्याआधी आपण भंडाऱ्यात होतो, म्हणून इथे नाही मिळालं तर भंडाऱ्याला विचारा. त्याहून जुन्यासाठी नागपूरचं पुराभिलेखागार आहे.

घाटाच्या ठेक्यात नाव का नाही?
मध्य प्रांतात 1878 च्या कायद्याने सरकारी घाट ठेक्याने जात. कागदावर नाव ठेकेदाराचं. वल्हं मारणारा त्याचा मजूर, त्याचं नाव तिथे क्वचितच. ठेक्याच्या कागदात आजा नाही म्हणून तो नावाडी नव्हता, असं होत नाही.

शब्दांत अडकू नका
कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. ढिवर, ढीवर, धीमर, ढिमर, सगळं शोधा. आडनाव नसतंच बहुतेक वेळा, नुसतं 'अमका वल्द तमका'. वल्द म्हणजे मुलगा. जुन्या कागदात खाडाखोड दिसली तर हात लावू नका, स्वतः दुरुस्ती तर मुळीच करू नका. एका अक्षराच्या खाडाखोडीने खरा दावाही संशयात येतो.

नोंद सापडली की फोटोवर भागवू नका. अर्ज करून शिक्क्याची नकल घ्या, पान आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. आणि हे काम पोरगं दहावीत असतानाच सुरू करा. प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही.